नदीकाठचा विसावा : झॉर्झ सरा याची दोन चित्रे

पॅरिसच्या एका चित्रकारावर उधन्यात व्याख्यान व्हावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असल्यास मी त्यांना दोष देणार नाही. विषय कळविला तेव्हा एका माजी विद्यार्थ्याने तसे स्पष्टच विचारले होते. त्याला जे उत्तर दिले त्याचाच विस्तार म्हणजे प्रस्तुत लेख होय. सभागृहात पडद्यावर चित्रे दाखविता आली, या पुस्तिकेत ती सोय नाही. म्हणून तेथे जे डोळ्यांना दाखविले ते येथे शक्य तितके शब्दांनी सांगावे लागत आहे.

आरंभ एका आठवणीने करतो. चित्रकलेच्या वर्गात फळ्याच्या बाजूला मी एका जुन्या परदेशी दिनदर्शिकेचे पान डकवून ठेवले होते. नदीचा काठ, उन्हात बसलेली माणसे, पाण्यात उतरलेली दोन मुले, आणि लांब क्षितिजावर कारखान्यांची धुराडी. अग्रभागी एक माणूस डोक्यावर टोपी तशीच ठेवून गवतावर कुशीला आडवा झालेला. वर्गातील एका मुलाने ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाला, ‘‘सर, हा रातपाळी करून आलाय.’’ त्या मुलाचे वडील लूमवर रात्रपाळीला होते. घरात दिवसा बोलायचे ते हळू आवाजात, हे त्याला ठाऊक होते. फ्रेंच कलेच्या इतिहासाचे एकही पान न वाचता त्याने या चित्राच्या गाभ्यावर बोट ठेवले होते. पुढे या चित्रासंबंधी मी जे जे वाचले, त्यात त्या वाक्याइतके थेट असे फार थोडे आढळले.

ते चित्र म्हणजे झॉर्झ सरा याचे ‘आन्येर येथील स्नान’. सराचा जन्म २ डिसेंबर १८५९ रोजी पॅरिसमध्ये झाला आणि २९ मार्च १८९१ रोजी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, तो वारला. हे चित्र पुरे केले तेव्हा तो २४ वर्षांचा होता. चित्राची रुंदी सुमारे ३ मीटर आणि उंची २ मीटरहून किंचित अधिक, म्हणजे आपल्या शाळेतील एका वर्गाच्या फळ्याएवढा त्याचा विस्तार. आन्येर हे पॅरिसच्या वायव्येस, सेन नदीच्या काठी वसलेले उपनगर. समोर, जरा दूर, क्लिशी हा कारखान्यांचा भाग. चित्राच्या पार्श्वभूमीला जे पूल आणि जी धुराडी दिसतात ती तिथलीच. एका धुराड्यातून धूर निघतो आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. खाली माणसे विसावली आहेत, पण कारखाना चालू आहे.

आता माणसांकडे वळू. मध्यभागी काठाच्या कडेवर एक तांबूस केसांचा मुलगा बसला आहे. त्याचे पाय पाण्यात सोडलेले, पाठीला किंचित पोक, हात मांडीवर. शेजारी काढून ठेवलेले कपडे, बूट आणि गवती टोपी. मागे आणखी एक जण गुडघे जवळ घेऊन बसला आहे. ज्याला आमच्या विद्यार्थ्याने रात्रपाळीचा म्हटले तो अग्रभागी डावीकडे, त्याच्या पायांशी एक तपकिरी कुत्रा. उजवीकडे पाण्यात दोन मुले आहेत. त्यांतील नारिंगी टोपीच्या मुलाने दोन्ही हात तोंडाशी धरून कोणाला तरी साद घातली आहे. एवढी माणसे एकत्र, परंतु कोणीच कोणाकडे पाहत नाही. मुख्य आकृती जवळजवळ सर्व एका बाजूने दिसतात, उजवीकडे तोंड करून, पाण्याकडे. गप्पा नाहीत, हास्यविनोद नाही. थकलेली माणसे सुटीत जशी नुसती बसून राहतात तशी ती बसली आहेत. याला कोणी एकाकीपणा म्हटले आहे. मला ते तितकेसे पटत नाही. बारा-बारा तास यंत्राच्या घरघरीत उभे राहिलेल्या माणसाला न बोलणे हे सुखच असते.

येथे सराची तालीम लक्षात घ्यावी लागते. तो पॅरिसच्या शासकीय कलाशाळेत आंरी लेमान यांच्या हाताखाली शिकला, आणि लेमान हे अँग्र या थोर अभिजात चित्रकाराचे शिष्य. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटने करणे, आकृतीचा घाट आणि तोल पक्का करणे, ही त्या शिक्षणाची रीत. या रीतीत मोठा पट राखून ठेवलेला असे तो देवदेवता, सम्राट, लढाया आणि पुराणकथा यांसाठी. सामान्य माणसाचे जीवन रंगवायचे तर लहानशा फलकावर रंगवावे, असा अलिखित दंडक होता. सराने तो मोठा पट घेतला आणि त्यावर कोणा वीराची कथा न मांडता काठावर पाय सोडून बसलेला एक कामकरी मुलगा मांडला. आणि त्याला मांडले ते मात्र पुतळ्याच्या गांभीर्याने. या चित्राचे वेगळेपण पहिल्यांदा येथे आहे. कष्टाचे चित्रण त्यापूर्वीही झाले होते. नांगरणारा, धान्य वेचणारी, दगड फोडणारा ही माणसे फ्रेंच चित्रांत येऊन गेली होती. पण काम करीत नसलेल्या श्रमिकाला, त्याच्या रिकाम्या वेळेला, एवढी जागा आणि एवढा मान देणे ही गोष्ट निराळी होती. कामगार काम करताना सर्वांनाच उपयोगी असतो. तो स्वस्थ बसलेला असतो तेव्हा तो फक्त स्वतःचा असतो, आणि सरा त्याला तेव्हा पाहतो.

हे चित्र एका बैठकीत झालेले नाही. सरा नदीकाठी जाऊन हातात मावतील अशा लहान लाकडी फळ्यांवर भराभर रंगटिपणे करीत असे. आकृतींसाठी खरबरीत कागदावर काळ्या खडूची रेखाटनेही त्याने केली. ही रेखाटने स्वतंत्रपणे पाहण्याजोगी आहेत. त्यांत रेघ जवळजवळ नाहीच, काळोखातून उजेड वर येतो आणि त्यातून माणूस घडतो. या साऱ्या तयारीनंतर चित्रशाळेत मोठा पट सिद्ध झाला. १८८४ मध्ये ते ‘सालाँ’ या अधिकृत वार्षिक प्रदर्शनाकडे पाठविले गेले आणि नाकारले गेले. मग नाकारलेल्या कलावंतांनी स्वतःची संघटना करून त्याच वर्षी मे महिन्यात तात्पुरत्या इमारतीत जे प्रदर्शन भरविले त्यात त्याला जागा मिळाली. पण कोठे, तर उपाहारगृहात. चहापाण्याच्या टेबलांजवळ टांगलेले हे चित्र किती जणांनी नीट पाहिले असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

१८८४ हे वर्ष आपण मराठी माणसांनी जरा थांबून पाहावे असे आहे. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि १८८० पासून ‘दीनबंधू’ पत्राचे मुंबईतील चालक. त्या सभांतून तयार झालेल्या अर्जावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या, आणि मागण्यांतील पहिली मागणी होती आठवड्यातून एका पूर्ण दिवसाच्या विसाव्याची, रविवारच्या सुटीची. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, कामावर इजा झाल्यास भरपाई, या बाकीच्या मागण्या. त्या काळी मुंबईच्या गिरण्या सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत. सरा आणि लोखंडे यांना एकमेकांची वार्ता असण्याचा संभव नाही, आणि मी त्या दोघांत ओढूनताणून नाते जोडू इच्छीत नाही. परंतु एकाच वर्षी एका टोकाला कामगाराचा विसावा चित्रविषय म्हणून पुढे आला आणि नाकारला गेला, तर दुसऱ्या टोकाला तोच विसावा अर्जातील मागणी म्हणून पुढे आला आणि टोलविला गेला, हे नोंदविल्याशिवाय राहवत नाही. लोखंडे यांनी पाठपुरावा सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या, १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटीला कायद्याचे रूप आले. मुंबईच्या मराठी कामगाराच्या दृष्टीने रविवार हा खंडोबाचाही वार, तेव्हा ही सुटी परकी वाटण्याचे कारण नव्हते.

फ्रान्समध्ये रविवार आधीपासून मिळत होता असे कोणाला वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. रविवारी काम बंद ठेवण्याचा तिथला १८१४ चा कायदा १८८० मध्ये रद्द झाला होता, आणि साप्ताहिक विश्रांती सक्तीची करणारा कायदा आला तो १९०६ मध्ये. म्हणजे सराने आपली दोन्ही नदीचित्रे रंगविली त्या काळात पॅरिसच्या कामगाराला सुटीचा कायदेशीर आधार नव्हता. ती मालकाच्या मर्जीवर किंवा कारागिराच्या हिमतीवर होती. अनेक कारागीर सोमवारी खाडा करीत आणि थट्टेने त्याला ‘संत सोमवार’ म्हणत. ‘आन्येर येथील स्नान’ या नावात कोणताच वार नाही, हे त्यामुळे अर्थपूर्ण वाटते.

आता नदी ओलांडू. आन्येरच्या चित्रात उजव्या बाजूला पाण्यात एक होडी दिसते. तिच्यावर फ्रान्सचा तिरंगी ध्वज आहे, आत उंच टोपीचा एक गृहस्थ आणि छत्री घेतलेली स्त्री. नावाडी त्यांना पलीकडे नेत आहे. पलीकडे उजव्या कडेला जी झाडी डोकावते ते ‘ला ग्रांद झात’ नावाचे बेट. होडीतील जोडपे जिकडे निघाले तिकडेच सरा त्यानंतर गेला. १८८४ च्या मे महिन्यात त्याने दुसऱ्या चित्राला हात घातला आणि दोन वर्षे त्यावर घालविली. त्यासाठी केलेली टिपणे आणि रेखाटने मिळून सुमारे साठ भरतात. ‘ला ग्रांद झात बेटावरील रविवारची दुपार’ हे ते चित्र. आकार पहिल्या चित्राहून थोडासाच मोठा. पहिल्या चित्रात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी माणसे, तर येथे जवळजवळ पन्नास. शिवाय होड्या, कुत्रे, आणि उजवीकडील तोऱ्यात उभ्या असलेल्या स्त्रीच्या हातातील दोरीला बांधलेले एक माकड.

या काठावर कपडे काढून पाण्यात कोणी उतरत नाही. सारे नीटनेटके पोशाख केलेले, छत्र्या उघडलेल्या, पाठी ताठ. परंतु येथे केवळ श्रीमंतच आहेत असे समजू नये. डाव्या कोपऱ्यात बिनबाह्यांचा गंजीफ्रॉक घातलेला एक दणकट माणूस चिलीम ओढीत रेलला आहे, आणि त्याच्या हाकेच्या अंतरावर उंच टोपीचा, हातात छडी घेतलेला गृहस्थ बसला आहे. दोन शिपाई मागे उभे आहेत, एक दाई पाठमोरी आहे, एक स्त्री गळ टाकून आहे, एक जण तुतारीसारखे वाद्य वाजवितो आहे. एरवी एका बाकावर न बसणारे लोक एका सावलीत आले आहेत. पण प्रत्येक जण आपापल्या जागी खिळल्यासारखा. एक लहान मुलगी तेवढी धावते आहे. आणि बरोबर मध्यावर पांढऱ्या झग्यातील दुसरी मुलगी आईचा हात धरून सरळ आपल्याकडे पाहते. एवढ्या गर्दीत प्रेक्षकाची दखल घेणारी जणू ती एकटीच. १८८६ च्या मे महिन्यात हे चित्र दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात लागले तेव्हा लाकडी बाहुल्या, कथिलाचे शिपाई अशी त्याची टवाळी झाली. सराचे स्वतःचे म्हणणे असे होते, की ग्रीसमधील पार्थेनॉन मंदिरावर मिरवणुकीचा जो शिल्पपट्ट आहे त्याप्रमाणे आजची माणसे चालती मांडावीत. म्हणजे ताठपणा हा हाताचा दोष नव्हता, तो हेतू होता. तथापि माझ्या मते पहिल्या चित्रातील माणसे अधिक जिवंत आहेत. दुसऱ्या चित्रात बुद्धीची झेप मोठी, पहिल्यात आपुलकी मोठी.

ज्या गोष्टीसाठी सराचे नाव सर्वतोमुखी झाले ती रंगाची रीत या दुसऱ्या चित्रात पूर्णत्वाला गेली. तिचे स्पष्टीकरण सुरतेत करणे मला सर्वात सोपे वाटते, कारण तिचा उगम रंगाऱ्याच्या व्यवहारात आहे. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा राजाश्रयाचा चित्रजवनिकांचा कारखाना होता. तेथे १८२४ मध्ये मीशेल अझेन शव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख झाला. त्याच्यापुढे तक्रार आली, की निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेली काळी लोकर फिकी दिसते, काळा रंग पुरेसा चढत नाही. शव्हरलने ती लोकर इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात काही खोट नव्हती. खोट होती शेजारात. दोन रंग लगत ठेवले की प्रत्येक रंग दुसऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची झाक टाकतो, आणि ही झाक कापडावर नसून आपल्या डोळ्यांत असते. लालाशेजारी करडा ठेवा, तो हिरवट भासेल. जांभळ्याशेजारी पिवळा ठेवा, दोन्ही उजळतील. १८३९ मध्ये शव्हरलने यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. डाइंग हाउसमध्ये व्यापारी म्हणतो शेड बदलली, आणि मास्तर म्हणतो लॉट एकच आहे. हा वाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना कळेल, की दोघेही खरे बोलत असू शकतात.

दुसरे तत्त्व विणकराचे. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. जवळून दोन्ही धागे वेगळे दिसतात, लांबून तिसरीच छटा डोळ्यांत तयार होते. सराने ब्रशाने हेच केले. रंग पॅलेटवर कालवून एकजीव करण्याऐवजी शुद्ध रंगांचे बारीक ठिपके जवळजवळ ठेवायचे आणि मिश्रण पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवायचे. यालाच पुढे बिंदुवाद हे नाव रूढ झाले. येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. अनेक पुस्तकांत लिहिलेले असते, की सराने निळा आणि पिवळा ठिपका शेजारी ठेवला आणि हिरवा आपोआप तयार झाला. कोणाही विणकराने हे ऐकून मान हलविली असती. निळा आणि पिवळा रंग कालविला तर हिरवा मिळतो. पण निळा आणि पिवळा धागा एकत्र विणला तर लांबून करडट छटा येते, हिरवी येत नाही. सराला हे ठाऊक होते. अमेरिकन शास्त्रज्ञ ऑग्डेन रूड याचा रंगशास्त्रावरील ग्रंथ १८८१ मध्ये फ्रेंचमध्ये आला होता आणि सराने तो अभ्यासला होता. म्हणून त्याच्या गवतात हिरवा हा हिरवाच आहे. त्यावर उन्हासाठी पिवळे-नारिंगी आणि सावलीसाठी निळे ठिपके आहेत. चित्रापासून योग्य अंतरावर उभे राहिले तरी हे ठिपके पूर्णपणे एकरूप होत नाहीत, ते किंचित लुकलुकत राहतात. पृष्ठभाग जणू उन्हात तापलेल्या हवेसारखा हलतो. रंग अधिक भडक होतो म्हणून नव्हे, तर या लुकलुकीमुळे चित्र सजीव भासते.

‘आन्येर येथील स्नान’ हे या रीतीच्या आधीचे. त्यात गवत आडव्या-तिरप्या फटकाऱ्यांनी रंगविले आहे, पाणी आडव्या फटकाऱ्यांनी आणि अंगकांती सपाट, मुलायम. मात्र शव्हरलचा शेजार तेथेही आहे. मध्यभागी बसलेल्या मुलाच्या उजळ पाठीमागे सराने रंग किंचित गडद केला, आणि सावलीतील बाजूला तो किंचित फिका केला. त्यामुळे आकृती कोरून काढल्यासारखी उठून दिसते. पुढे बिंदूंची रीत हाती आल्यावर त्याने या जुन्या चित्रावर काही ठिकाणी ठिपके चढविले. साद घालणाऱ्या मुलाच्या नारिंगी टोपीवर ते निळ्या ठिपक्यांसह स्पष्ट दिसतात.

शास्त्राचा एवढा आधार घेणाऱ्या सराला रंगाच्या रसायनाने मात्र दगा दिला. ग्रांद झातच्या चित्रात उन्हाच्या ठिपक्यांसाठी जस्ताचा एक नवा पिवळा रंग वापरला होता. तो कच्चा निघाला. काही वर्षांतच पिवळे ठिपके मातकट तपकिरी झाले, त्यात मिसळलेले हिरवे आणि नारिंगी मंदावले. फेलिक्स फेनेआँ या समीक्षकाने १८९२ मध्येच, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर वर्षभरात, ही तक्रार नोंदविली. आज आपण जे पाहतो ते त्या दुपारचे ऊन उतरलेले रूप आहे. २००४ मध्ये शिकागोच्या कलासंग्रहालयाने संगणकाच्या साहाय्याने मूळ रंग कसे असतील याची प्रतिमा सिद्ध केली, तेव्हा उजळ गवत पाहून लोक चकित झाले. ही दुरुस्ती केवळ प्रतिमेत झाली. मूळ चित्राला कोणी हात लावला नाही, हे योग्यच झाले.

वर्गीकरणाबद्दल दोन शब्द. मोने, पिसारो आदी दृक्प्रत्ययवाद्यांनी क्षणाचा प्रकाश पकडला. सराला तो क्षण टिकाऊ, बांधेसूद करावयाचा होता. त्याच्या मार्गाला फेनेआँने १८८६ मध्ये नवदृक्प्रत्ययवाद म्हटले. पुढे १९१० मध्ये लंडनमध्ये रॉजर फ्राय याने भरविलेल्या प्रदर्शनापासून सेझान, गोगँ, व्हान गॉग आणि सरा या सर्वांना उत्तर-दृक्प्रत्ययवादी ही सामायिक संज्ञा मिळाली. चौघांत साम्य थोडे, भेद फार. परीक्षेपुरते नाव लक्षात ठेवावे, अधिक महत्त्व देऊ नये.

बिंदूंची ही वाट आपल्या फार जवळून गेली आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. नारायण श्रीधर बेंद्रे हे इंदूरच्या मराठी घरात १९१० मध्ये जन्मलेले चित्रकार. १९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विभाग सुरू झाला तेव्हा चित्रकला शाखेची धुरा त्यांच्याकडे आली. १९५९ मध्ये ते अधिष्ठाता झाले आणि १९६६ मध्ये तेथून निवृत्ती पत्करून मुंबईस गेले. गुलाम मोहम्मद शेख, ज्योती भट्ट, शांती दवे हे त्या विभागातून पुढे आले. बेंद्रे यांनी आयुष्यभर शैली बदलत नेली. घनवादाचाही त्यांनी अनुभव घेतला. उत्तरकाळात मात्र त्यांचा हात बिंदूंवर स्थिरावला. ग्रामीण स्त्रिया, झाडे, आपल्याकडचे ऊन हे त्यांचे विषय. सराचा ठिपका मोजूनमापून ठेवलेला, बेंद्रे यांचा ठिपका मायेने ठेवलेला. शास्त्र सिद्ध करण्याची त्यांना गरज नव्हती. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या गाडीच्या प्रवासात दोन-अडीच तासांवर असलेल्या बडोद्यात एका मराठी माणसाने ही विद्या शिकविणारी पिढी घडविली. आपल्या शाळेतील मुलांना सहलीसाठी बडोद्याला न्यावयाचे झाल्यास केवळ लक्ष्मीविलास राजवाडा पाहून परतू नये, एवढी सूचना शिक्षकबंधूंना करतो.

या दोन चित्रांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण त्यात एक गोष्ट अगदी आपली आहे. सराच्या हयातीत दोन्ही मोठी चित्रे विकली गेली नाहीत. ग्रांद झातचे चित्र १९२४ मध्ये शिकागोच्या बार्टलेट दांपत्याने घेतले आणि १९२६ मध्ये ते तेथील संग्रहालयास अर्पण झाले. १९५८ मध्ये न्यूयॉर्कला पाठविले असताना तिथल्या संग्रहालयात आग लागली, चित्र थोडक्यात बचावले, आणि तेव्हापासून ते शिकागोबाहेर गेलेले नाही.

आन्येरच्या चित्राची कथा याहून निराळी. १९२३ मध्ये सॅम्युएल कोर्टोल्ड या इंग्रज उद्योगपतीने आधुनिक फ्रेंच चित्रे राष्ट्रासाठी विकत घेता यावीत म्हणून ५०,००० पौंडांचा निधी दिला, आणि १९२४ मध्ये त्या निधीतून हे चित्र लंडनला आले. १९६१ पासून ते तिथल्या नॅशनल गॅलरीत आहे. हा पैसा कशातून आला? कोर्टोल्ड्स ही कंपनी विस्कोस रेयॉनची, म्हणजे कृत्रिम रेशमाची, जगातील अग्रगण्य उत्पादक होती. सुरतेत ज्याला आपण ‘आर्ट सिल्क’ म्हणतो तेच ते सूत. नायलॉन आणि पॉलिएस्टर येण्यापूर्वी आपल्याकडचे माग त्यावर चालत, आणि आता बंद पडलेला बरोडा रेयॉनचा कारखाना याच उधन्यात तेच सूत काढीत असे. आजही रिक्षावाल्याला ‘बी. आर. सी.’ सांगितले की तो न विचारता तेथे उतरवितो. या सभागृहातील किती जणांच्या घरची चूल त्या सुतावर पेटली, ते मी सांगण्याची आवश्यकता नाही.

तात्पर्य, ज्या चित्रात कारखान्याच्या धुराड्याखाली कामकरी माणसे नदीकाठी विसावली आहेत ते चित्र लंडनमध्ये आले ते धागा काढणाऱ्या कारखान्याच्या नफ्यातून. तो धागा काढणाऱ्यांपैकी किती जणांना ते पाहता आले, हा प्रश्न निराळा. आपल्यातील बहुतेकांचे आईवडील जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडून ज्या रुळांवरून आले ते रूळ उधन्यालाच मुख्य मार्गास मिळतात. आणि ज्या तापीच्या खोऱ्यातील ती गावे, तीच तापी येथे समुद्राला मिळते. सुटीच्या संध्याकाळी डुमसच्या किनाऱ्यावर टोमॅटोची भजी घेऊन, चपला शेजारी काढून, काही न बोलता पाण्याकडे तोंड करून बसलेली माणसे मी पुष्कळदा पाहिली आहेत.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले असे व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारले. तो आता स्वतः लूमवर मास्तर आहे. दिनदर्शिकेचे ते पान शाळेच्या रंगकामाच्या वेळी भिंतीवरून निघाले, तेव्हा मी ते जपून ठेवले होते. कडा फाटल्या आहेत आणि छपाईतील पिवळा रंग येथेही उडाला आहे. पण पाण्यातल्या मुलाची नारिंगी टोपी अजून स्पष्ट आहे. ते पान मी या कार्यक्रमात मुख्याध्यापकांकडे सुपूर्द केले असून चित्रकलेच्या वर्गात, फळ्याच्या त्याच बाजूला, ते पुन्हा लावले जाईल.